बाटलीतलं जहाज



रत्नागिरीच्या आमच्या घरात, माजघरातल्या फडताळावर एक बाटली आडवी ठेवलेली असे. तिच्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं. शिडं वाऱ्यानं फुगलेली, खाली निळा समुद्र आणि कडेला नखाएवढं दीपगृह. माझे मामा बोटीवर होते. आमच्याकडे ‘बोटीवर’ एवढं सांगितलं की पुरे होतं, पुढचं कुणी विचारत नसे. हँबुर्ग बंदरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी ती बाटली आणली होती.

मे महिन्यात भावंडं जमली की वाद सुरू व्हायचा. हे आत गेलं कसं? एक म्हणे, बाटलीचा तळ कापून पुन्हा चिकटवलाय. दुसरी म्हणे, आधी जहाज केलं आणि मग त्याच्याभोवती काच फुंकली. काच फुंकतात तेव्हा ती हजार अंशांच्या आसपास तापलेली असते, लाकडाची राख व्हायची, हे आम्हाला कुठलं ठाऊक! मामांना विचारलं. ते म्हणाले, “पावसातून घरात येताना छत्री उघडी ठेवून दारातून शिरतोस काय रे? मिटूनच आणतोस ना? मग तसंच ते.”

मला ते पटलं, पण कळलं नाही. कळलं ते चाळिशीत, स्वतः करायला बसलो तेव्हा. बाटलीतलं जहाज बाटलीत बांधत नाहीत, ते बाहेर बांधतात. टेबलावर पूर्ण उभं करतात, पुन्हा पाडतात, पुन्हा उभं करतात, दहादा, वीसदा. आत गेल्यावर करायचं उरतं ते एकच, पडलेल्या डोलकाठ्या उभ्या करणं. सगळी बुद्धी लागते ती घडी घालताना.

ती घडी कशी घालतात, ते सांगतो. लाकडाचा एक ठोकळा घेऊन जहाजाचा सांगाडा कोरायचा. पाण्यावर दिसेल तेवढाच कोरायचा, तळ सपाट. प्रत्येक डोलकाठी म्हणजे बांबूची तासलेली काडी. तिच्या बुंध्याला आडवं भोक पाडून त्यातून केसासारखी तार ओवायची आणि त्या तारेची दोन टोकं डेकमध्ये रोवायची. झाली बिजागरी. आता डोलकाठी मागे, म्हणजे सुकाणूच्या दिशेला, आडवी पडते आणि पुढे ओढली की उभी राहते. पुढे ओढायला दोरा लागतो. डोलकाठीच्या शेंड्याला बांधलेला दोरा पुढच्या डोलकाठीतल्या भोकातून, मग नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, पुढे आलेल्या तिरक्या काठीतून बाहेर काढायचा आणि चांगला हातभर लांब सोडायचा. परबाणं, म्हणजे शीड ज्यांना बांधतात त्या आडव्या काठ्या, मधोमध एका गाठीवर फिरत्या ठेवायच्या, म्हणजे त्या वळून डोलकाठीला समांतर होतात. शिडं कागदाची. त्यांची फक्त वरची कड चिकटवायची, बाकीचं शीड मोकळं, म्हणजे ते सांगाड्याभोवती गुंडाळता येतं.

एक गोष्ट मात्र मी चुकून शिकलो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताण देणारे दोर असतात, ते जहाजाच्या काठाला बांधतात. त्या दोरांची भोकं डोलकाठीच्या बुंध्याच्या रेषेत किंवा तिच्या मागे हवीत. मागे असली की डोलकाठी पडताना दोर सैल होतात आणि ती उभी राहिली की आपोआप ताणले जातात. माझ्या पहिल्या जहाजात ती दोन मिलिमीटर पुढे पडली होती. डोलकाठी पाडायला गेलो, दोर ताठ झाले आणि काडी मोडली. चार आठवड्यांचं काम दोन मिलिमीटरनं गेलं. त्या दिवशी मामांची छत्री मला खऱ्या अर्थानं कळली. छत्रीच्या काड्यांची बिजागरी बोटभर इकडची तिकडे झाली तर छत्रीही मिटत नाही.

आता बाटली. समुद्र आधी भरायचा. खिडकीच्या काचेला सुतार लावतात ती लांबी निळ्या रंगात मळून घेतात. हल्ली मुलांची रंगीत मातीही चालते. कागदाची नळी करून तिच्यातून गोळे आत सोडायचे, नाहीतर गळ्याची काच माखते आणि मग ती पुसणं फार कठीण. हत्यारं बाजारात शोधू नका. सायकलच्या चाकाच्या तारा घ्या. एकीचं टोक चपटं करा, एकीचं आकड्यासारखं वाकवा, एकीला ब्लेडचा तुकडा बांधा. समुद्र दाबून लाटा करायच्या, जहाज बसेल असा खळगा ठेवायचा. मग घडी केलेलं जहाज सुकाणूकडून आत सरकवायचं, दोरे बाहेर. खळग्यात नीट बसलं, घट्ट धरलं, की दोरे हळूहळू ओढायचे.

तो क्षण मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही. आधी मागची डोलकाठी हलते, मग मधली. तारेनं परबाणं आडवी फिरवायची, शिडं सोडवायची. सगळं ताठ झालं की नाळेवरच्या काठीच्या टोकाला गोंदाचा थेंब, आणि तो वाळल्यावर दोरे कापायचे. ओढायचे दोरे पुढून येतात, म्हणून अशा जहाजांचं तोंड बहुतेक वेळा बाटलीच्या गळ्याकडे असतं. माझ्या लहानपणी मला वाटे, ते बाहेर पडायला निघालंय.

ही कला आली कुठून? बाटलीत काहीतरी उभं करण्याचा छंद जहाजांच्या आधीचा आहे. माथियास बुखिंगर नावाचा जर्मन कलावंत १६७४ साली जन्मला, हात आणि पाय नसलेला. तरी तो सूक्ष्म अक्षरं लिही, चित्रं काढी, वाद्यं वाजवी आणि बाटल्यांत देखावे उभे करी. त्यानं १७१९ साली केलेली, आत खाणकामाचा देखावा असलेली बाटली प्रसिद्ध आहे. जहाजांमध्ये कारागिराचं नाव आणि साल माहीत असलेली सर्वांत जुनी बाटली जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात जपलेली आहे. कारागिराचं नाव जोनी बियोंदो, साल १७८४. अंड्याच्या आकाराची बाटली आणि आत तीन डोलकाठ्यांचं जहाज.

पण घरोघरी दिसतात तशी बाटलीतली जहाजं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधीच्या साध्या बाटल्यांची काच हिरवी, काळपट, बुडबुड्यांची. आतलं दिसणार काय! स्वच्छ काच स्वस्त झाली आणि त्याच काळात मोठी शिडाची जहाजं महिनोन्‌महिने समुद्रावर असत. चिलीहून सोरा भरून हँबुर्गला निघालेलं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून येई. पहाऱ्यांच्या मधल्या वेळात खलाशाजवळ चाकू असे, लाकडाचा ढलपा असे, दोरा असे आणि रिकामी बाटली असे. गाठी मारण्यात आणि शिडं चढवण्यात त्याचा हात बसलेला. स्वतःच्या जहाजाची दोरी न्‌ दोरी त्याला पाठ. म्हणून त्या जुन्या बाटल्यांमधली जहाजं ओबडधोबड दिसली तरी त्यांचे दोर बरोबर जागी असतात. दुकानात मिळणाऱ्या आजच्या शोभेच्या बाटल्यांत नेमकं उलट असतं. रंग झळाळणारे, आणि दोर कुठेही बांधलेले. मला त्या आवडत नाहीत.

मामांच्या बाटलीवर नाव नव्हतं. मी तिची लाख, बूच, गळ्याभोवतीची विणलेली गाठ, सगळं भिंगानं पाहिलं. कुणाचं नाव नाही, जहाजाचंही नाही. अशा बाटल्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि कितीतरींखाली लिहिलेलं असतं, कारागीर अज्ञात.

आता आपल्या एका जहाजाकडे येतो. एचएमएस त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. लाकूड मलबारचा साग. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडचा ओक अपुरा पडू लागला होता, म्हणून काम मुंबईला आलं. त्याचे नकाशे पहिल्यांदा ज्या जहाजावरून निघाले, ते जावा नावाचं जहाज १८१२च्या डिसेंबरात अमेरिकनांनी लढाईत हरवलं आणि नकाशेही त्याच्याबरोबर गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. त्रिंकोमाली आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत सगळ्यांत जुनी तीच. मुंबईत बांधलेली.

मी त्रिंकोमाली बाटलीत करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी अडलो. जहाजाची रुंदी सुमारे चाळीस फूट, लांबी दीडशे. बाटलीच्या तोंडाचं भोक अठरा मिलिमीटर. त्यातून सांगाडा, घडी केलेल्या डोलकाठ्या, शिडं आणि दोरे एकत्र जायला हवेत. म्हणजे सांगाडा पंधरा मिलिमीटरपेक्षा रुंद नको. तेव्हा जहाज आठशेपट लहान करावं लागलं आणि त्याची लांबी उरली सहा सेंटिमीटरहून कमी. काही कारागीर सांगाडा दोन थरांत आत नेऊन तिथे जोडतात आणि मोठं जहाज करतात. मी तसं केलं नाही. जुन्या घराच्या चौकटीतला सागाचा तुकडा होता, त्यातूनच कोरलं.

याच्या उलट टोकाचं एक काम लंडनमध्ये आहे. यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन शिल्पकारानं २०१० साली ट्रफाल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर एक प्रचंड बाटली ठेवली. आत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज, खऱ्याच्या तिसाव्या हिश्शाएवढं, आणि त्याची ३७ शिडं रंगीबेरंगी नक्षीच्या कापडाची. ते कापड म्हणजे इंडोनेशियन बाटिकची डच गिरण्यांनी केलेली नक्कल, जी पश्चिम आफ्रिकेत विकली गेली आणि आफ्रिकन म्हणून ओळखली जाऊ लागली. साम्राज्याच्या जहाजावर साम्राज्यानं फिरवलेलं कापड. २०१२ साली लोकवर्गणीच्या मदतीनं ती बाटली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयानं घेतली आणि आता ती तिथे आहे. शोनिबारेनं आकार वाढवला, पण बाटली सोडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. काच मधे आली की माणूस जवळ जाऊन वाकून बघतो.

म्हणूनच घरात बाटली ठेवायची कशी, याचा विचार करायला हवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. खाली लाकडाची बैठक हवीच, बाटली गडगडते. साच्याचा सांधा आणि काचेवरची उठावाची अक्षरं तळाकडे फिरवून घ्या. उन्हात कधीही नको. रंग उडतात, आतली लांबी तापून तेल सोडते आणि गोल काच भिंगासारखं ऊन एका जागी गोळा करते. बूच लावायची घाई करू नका. गोंद, रंग, लांबी पूर्ण वाळेपर्यंत काही आठवडे तोंड उघडं ठेवा, वर पातळ कापड बांधून. झटपट चिकटवणारा गोंद मी एकदा वापरला आणि आठ दिवसांत काचेला आतून पांढरं धुकं आलं. ते पुसता येत नाही. नीट बंद केलेल्या बाटलीत मात्र धूळ शिरत नाही, वाळवी शिरत नाही. आमच्या कोकणच्या दमट हवेतही मामांची बाटली तशीच राहिली.

मामांच्या बाटलीवर नाव नव्हतं. नावावरून त्रिंकोमाली बांधणाऱ्या वाडियांची एक गोष्ट सांगतात. जमशेटजींनी १८०० साली कॉर्नवॉलिस नावाचं जहाज बांधलं. काळ्या माणसाला लढाऊ जहाज काय जमणार, असं बोलणारे तेव्हा होते. तर जमशेटजींनी जहाजाच्या आतल्या लाकडावर, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी, हे एका काळ्या माणसानं बांधलं आहे असं सालासकट कोरून ठेवलं. पुढे दुरुस्तीच्या वेळी ते सापडलं म्हणतात.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी जहाज करायला घेतलं, आणि घ्याच, तर समुद्रात बसवण्याआधी त्याच्या तळाला आपलं नाव कोरा. गळ्यात, बुचाला लागून, एक चिठ्ठी अक्षरं काचेकडे करून ठेवा. तिच्यावर नाव, गाव, साल आणि जहाज कुठलं ते लिहा. पेन्सिलीनं लिहा. शाई उडते.