चर्चमध्येच गेलाय ना!



आज जरा अवघड विषय घेतला आहे. हातातलं काम चालू असू द्या, पण घरात मोठी मुलं असतील तर त्यांनाही जवळ बसवून ऐका.

आपल्या वसईच्या गावांत चर्च म्हणजे फक्त रविवारची मिस्सा नव्हे. मुलं ख्रिस्तशिक्षणाच्या वर्गाला जातात, वेदीवर सेवा करतात, गायनमंडळात गातात, नाताळचा गोठा बांधायला रात्री जागतात. उशीर झाला तरी आपण म्हणतो, "चर्चमध्येच गेलाय ना!" हा विश्वास आपल्या धर्मग्रामाची मोठी मिळकत आहे. पण वाईट हेतूचा माणूस याच विश्वासाच्या आडोशाला उभा राहतो. तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. मुलाला लाडाने हाक मारणारा, खाऊ देणारा, घरी चहाला येणारा. तो फादर असू शकतो, शिक्षक असू शकतो, युवकमंडळाचा दादा किंवा नात्यातला काकाही असू शकतो.

आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे मोठ्या चौकश्या झाल्या. तक्रारी वरपर्यंत पोचल्या होत्या, पण संस्थेचं नाव जपण्यासाठी त्या दाबल्या गेल्या, गुन्हेगाराची नुसती बदली झाली आणि नव्या गावात नवी मुलं त्याच्या हाती सापडली, हेच या चौकश्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आलं.

म्हणून नियम हवेत. काही जणी म्हणतात, हा तर फादरांवर, शिक्षकांवर संशय झाला. अहो, बचत गटाचा हिशेब आपण वहीत लिहितो, तो काय मैत्रिणीवर संशय म्हणून? उलट वही असते म्हणून मैत्री टिकते. नियम साधे आहेत. मुलांबरोबर एकटी मोठी व्यक्ती नको, दोघं हवेत. खोलीचं दार उघडं हवं. पापनिवेदन अशा जागी व्हावं, की दोघं दुरून दिसतील पण बोलणं ऐकू येणार नाही. मुलाला खासगी मेसेज नकोत. पालक ज्या ग्रुपवर आहेत तिथेच निरोप द्यावा. सहलीला आणि रात्रीच्या तयारीला बायामाणसं सोबत असावीत. आणि हे नियम सगळ्यांना सारखे, अगदी फादरांनाही.

आता मोठ्यांचं. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आणि २०२३ साली सुधारलेल्या आदेशात मुलांबरोबर असहाय प्रौढांचाही विचार केला आहे. आजारपणामुळे, शरीराच्या किंवा मनाच्या दुबळेपणामुळे, काही वेळापुरतं का होईना, ज्याला विरोध करता येत नाही, तो असहाय. म्हणजे अंथरुणाला खिळलेली आजी, समज कमी असलेला तरुण. अशा माणसाच्या अंगाला कुणी हात लावला तर "त्याला काय कळतंय?" म्हणून सोडून देऊ नका. पैशाच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. मुलं परदेशात, घरात म्हातारी एकटी आणि सातबारा तिच्या नावावर. प्रार्थनेला येणारा कुणी कागदावर अंगठा मागू लागला तर शेजारणीने विचारायलाच हवं, "कसला कागद?" आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जातानाही शक्यतो दोघांनी जावं.

आणि मुलाने काही सांगितलं तर? आधी शांतपणे ऐकून घ्या. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलाचेच शब्द लिहून ठेवा. घटना नुकतीच घडली असेल तर कपडे धुऊ नका, दवाखान्यात न्या. ज्याचं नाव आलं त्याला जाब विचारायला धावू नका. तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो.

मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही; त्याचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो स्त्री अधिकारी घेते, तीही गणवेशाशिवाय. मोठ्या बायकांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पापनिवेदनात ऐकलेलं फादरांना कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मूल म्हणालं, "मी पापनिवेदनात सांगितलंय," तर काम झालं असं समजू नका. ते तुम्हालाच पुढे न्यायचं आहे. बिशपांकडे तक्रार जरूर करा, पण ती पोलिसांच्या ऐवजी नव्हे.

"चर्चचं नाव खराब होईल," असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, नाव खराब होतं ते अत्याचाराने आणि तो झाकल्याने. मूल बोललं म्हणून नव्हे.

या रविवारी मिस्सेनंतर दोघीतिघी मिळून फादरांना भेटा. आपल्या धर्मग्रामात तक्रार कुणाकडे करायची, हे विचारा आणि ते नाव व १०९८ हा आकडा मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर फलकावर लावून घ्या.