आधीचे मत, मागचे मत



आमच्या चिंचवडला मोरया गोसावींच्या उत्सवात पंगती बसतात. पहिली पंगत कोणाची, यावरून कोणी भांडत नाही. पण पहिल्याच पंगतीत गोडधोड संपले तर मागच्यांनी काय करावे? मतदानाचेही तसेच आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा, तर राज्याराज्यांत निरनिराळ्या दिवशी मतदान होते. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या लहान राज्यांनी वर्षानुवर्षे पहिला मान घेतला. निकाल लगेच जाहीर होतो. मागे पडलेल्या उमेदवाराला पैसा मिळेनासा होतो, तो माघार घेतो, आणि मागाहून मत देणाऱ्यांच्या पानात उरलेसुरले पडते. २०२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाने हा मान साउथ कॅरोलायनाला दिला. राज्यांचे गट पाडून तो आळीपाळीने फिरवावा, अशीही सूचना तिकडे आहे.

आता आपल्याकडे पाहा. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातल्या चिनी तालुक्यात सुरू झाली. कारण पुढे बर्फाने वाटा बंद होणार! २०२४ च्या लोकसभेला नागपूरने १९ एप्रिलला मत दिले, आपल्या मावळ मतदारसंघाने १३ मे रोजी. चोवीस दिवस मागे! तरी चिंचवडकरांच्या मताचे वजन कमी झाले नाही. का? मोजणी सगळ्यांची एकाच दिवशी, ४ जूनला. शिवाय शेवटचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर अंदाज प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी.

ही शिस्त सैल होऊ शकते, बरं का! २ डिसेंबर २०२५ रोजी चाकण, आळंदीसह राज्यातल्या अनेक नगरपरिषदांचे मतदान झाले. काही ठिकाणचे २० डिसेंबरवर गेले. पहिल्यांचा निकाल दुसऱ्याच दिवशी लागणार होता. मागच्या मतदारांवर त्याचा परिणाम होईल, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व निकाल २१ डिसेंबरला एकत्र लावायला सांगितले. उमेदवार ताटकळले, यंत्रांवर पहारा वाढला. पण तेवढी किंमत मोजण्याजोगी होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मतदान केंद्रावर आपणच बसता. वर्गात मुलांना एवढे जरूर सांगा: रांगेत कोणी पुढे असेल, कोणी मागे, निवड मात्र दोघांना सारखीच हवी.