रिकामे आसन आणि भरलेला दरवाजा

(ठाणे जिल्ह्यातील शिक्षक व लोकप्रतिनिधींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. सातच दिवसांनी, ८ जून रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनकडे निघाले. दोहोंचा हिशेब मात्र एकाच शब्दात मावतो. एस.टी.ची माणसे त्याला 'भारमान' म्हणतात.

लांब पल्ल्याच्या विमानाचे इंधन, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे शुल्क हा खर्च बहुतांशी उड्डाणापूर्वीच ठरलेला असतो. एक प्रवासी वाढल्याने तो फारसा वाढत नाही. रिकामे गेलेले आसन मात्र उद्या विकता येत नाही. भाजीवाल्याची मेथी निदान संध्याकाळी स्वस्तात तरी जाते! म्हणून ज्याला तारीख बदलता येते त्याला स्वस्त आणि ज्याला येत नाही त्याला महाग, अशी भाड्याची रीत विमान कंपन्यांनी पाडली. २०२४ साली जगातील विमानांचे सरासरी भारमान ८३.५ टक्क्यांवर गेले, त्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

भाडे उतरवून आसने भरण्याचा हा उपाय आपल्या लोकलवरही झाला. ५ मे २०२२ पासून वातानुकूलित लोकलचे एकेरी भाडे सुमारे निम्म्यावर आले; ५ किलोमीटरपर्यंतचे ६५ रुपयांचे तिकीट ३० रुपयांस मिळू लागले. प्रवासी वाढले. परंतु त्याच ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने १० साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या सुरू करताच कळवा व बदलापूर येथे प्रवाशांनी निदर्शने केली. २५ ऑगस्टपासून त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचा राग थंड हवेवर नव्हता. त्यांची रोजची गाडी गेली होती.

विमानाचा प्रवासी मंगळवारऐवजी बुधवारी जाऊ शकतो. डोंबिवलीच्या कारकुनाची वेळ भाडे ठरवीत नाही, कचेरीचे हजेरीपत्रक ठरविते. त्यामुळे सकाळी मुंबईकडे जाताना ज्या दारात माणसे लोंबकळतात, तोच डबा कल्याणकडे परतताना बराच मोकळा असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी प्राणास मुकले, ते सकाळच्याच गर्दीत.

मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्या मुंबईतील मुख्यालयापुरत्या कामाच्या दोन वेळा ठेवून पाहिल्या. आपल्यापैकी जे कार्यालयप्रमुख अथवा मुख्याध्यापक आहेत, त्यांनी आपले कर्मचारी कोणत्या स्थानकावरून, कोणत्या दिशेने व किती वाजता येतात याची यादी करावी. कोणाची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे-मागे करता येईल, हे त्या यादीवरूनच कळेल. आणि त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागेलच, असे मला वाटत नाही.