बोडीतला मासा आणि त्याचं पोट

(स्वागताध्यक्षीय भाषण)





गडचिरोलीहून इथं धानोऱ्याला येताना वाटेत मेंढा-लेखा लागलं असेल. त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे वर्तमानपत्रांमुळं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून मेंढ्याचे लोक अभ्यासगटात बसत होते, याची बातमी फारशी झाली नाही. बाहेरचा जाणकार यायचा, सांगायचा, लोक प्रश्न विचारायचे आणि निर्णय ग्रामसभा घ्यायची. आजची परिषदही त्याच रीतीनं व्हावी, अशी स्वागत समितीची इच्छा आहे. शहरातल्या सभागृहाची सोय आमच्याकडे नाही. वीज गेली तर ध्वनिक्षेपक बंद पडेल. प्रश्न मात्र बंद पडणार नाहीत.

विषय आहे प्रोबायोटिक, म्हणजे खाद्यातून द्यायचे उपयोगी जिवाणू, आणि माशांचं प्रथिनपचन. हा विषय धानोऱ्यात कशाला, असं एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं. उत्तर आमच्या पाण्यात आहे. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, सहा हजारांवर आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले. कोहळी समाजानं पाळी घातल्या, कालवे काढले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ साचत राहिला. त्याशिवाय धानाच्या बांधीला लागून प्रत्येकाची बोडी, म्हणजे स्वतःचं छोटं तळं. या पाण्याची अडचण एकच आहे, ते टिकत नाही. पावसाळ्यात माशांची बोटुकली सोडायची, धानाला पाणी द्यायचं, आणि अनेक बोड्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तळ दाखवतात. त्यात मधले दोन महिने आमच्या जंगलातली थंडी. पाणी गारठलं की माशाची भूक मंदावते आणि पाचक रसांचं कामही. बारमाही तलाववाल्याला मासा सावकाश वाढवता येतो. आम्हाला मोजक्या उबदार महिन्यांत टाकलेल्या मूठमूठ खाद्याचं मांस करून घ्यावं लागतं. म्हणून पचनाचा प्रश्न किनाऱ्यावरच्या मोठ्या शेततळ्यांपेक्षा आमच्या बोडीत जास्त टोचतो.

रोहू, कटला, मृगळ हे आपलं नेहमीचं त्रिकूट. १० जुलै १९५७ रोजी शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या गटातल्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून नदीतलं बीज गोळा करण्यावरचं अवलंबित्व कमी होत गेलं आणि आपल्यासारख्या आतल्या भागात मत्स्यजिरे पोचले. पण या माशांना जठरच नसतं, हे किती जणांना माहीत आहे? आपल्या पोटात आम्ल असतं, पेप्सिन असतं, तिथं प्रथिनं फुटायला सुरुवात होते. रोहूच्या पोटात ती पायरीच नाही. अन्न घशातल्या दातांनी रगडलं जातं आणि थेट आतड्यात उतरतं. तिथं ट्रिप्सिन आणि त्याच्या जोडीचे रस प्रथिनं तोडतात. रोहूचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब असतं, ते त्यासाठीच. मरळ आणि मागूर मांसाहारी, त्यांना जठर आहे. तेव्हा प्रोबायोटिकच्या एकाच पुडीची जाहिरात ‘सर्व माशांसाठी’ म्हणून वाचली की मी तरी आधी भुवया उंचावतो.

आता आपण देतो काय? धानाचा कोंडा आणि ढेप. भुईमुगाच्या ढेपेत प्रथिनं भरपूर, कोंड्यात जेमतेम बारा-तेरा टक्के. विदर्भात सोयाबीन मुबलक, म्हणून कोणी कच्चं सोयाबीन दळून टाकतं. त्यात ट्रिप्सिनलाच अडवणारा घटक असतो. ज्या माशाचा सगळा भार ट्रिप्सिनवर, त्यालाच आपण ट्रिप्सिनचा शत्रू खाऊ घालतो! सोयाबीन नीट भाजलं किंवा शिजवलं तर हा घटक निकामी होतो. त्याला पुडी लागत नाही, चूल लागते.

न पचलेलं प्रथिन कुठं जातं? तळाला, आणि तिथं कुजून अमोनिया होतो. पचलेल्यापैकी जे शरीरात बसत नाही तेही कल्ल्यांवाटे अमोनिया होऊनच बाहेर पडतं. खाद्यातल्या नत्राचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच माशाच्या अंगी लागतो, बाकीचं पाण्याला. दुपारी शेवाळामुळं पाण्याचा सामू चढला की हाच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणजे पैसा गेला तो गेलाच, वर पाणीही बिघडलं.

इथं जिवाणू येतात. १९८६ मध्ये जपानमध्ये कोझासा यांनी बॅसिलसचे बीजाणू पिवळशेपट्या माशाच्या खाद्यात घालून पाहिले. मत्स्यशेतीत प्रोबायोटिक वापरल्याची ही पहिली नोंद मानतात. बॅसिलस जातीचे जिवाणू स्वतः प्रथिनं तोडणारे रस बाहेर सोडतात. बीजाणूच्या रूपात ते वाळवण आणि बऱ्यापैकी उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंची भावकी, एवढी काटक नाही. गरम खाद्यात ती मरते, म्हणून थंड झालेल्या खाद्यावर लावायची. शिवाय बाहेरून दिलेले जिवाणू बहुधा आतड्यात कायमचं घर करत नाहीत. देणं थांबलं की काही दिवसांत ते ओसरतात. पुडी एकदा टाकून वर्षभर निश्चिंत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि एका हातानं प्रतिजैविक, दुसऱ्या हातानं प्रोबायोटिक देणाऱ्यांना काय म्हणावं, ते तज्ज्ञांनीच सांगावं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत झालेलं काम. अरुण कुमार रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच आतड्यातून बॅसिलस वेगळा काढला आणि त्यानं लाखोळीचं पीठ आंबवलं. होय, आपलीच लाखोळी, धान कापण्याआधी बांधीतल्या ओलीवर आपण फेकतो ती. तिच्यातलं मज्जातंतूंना घातक द्रव्य कुप्रसिद्ध आहे. आंबवल्यावर ते आणि टॅनिन, फायटिक आम्लही उतरलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कच्चं पीठ रोहूच्या बोटुकलीच्या खाद्यात दहा टक्क्यांपर्यंतच चाललं, आंबवलेलं तीस टक्क्यांपर्यंत. पचवणारा जिवाणू माशाकडचा, पीठ शेतातलं. आपल्या नदीनाल्यांतल्या माशांच्या पोटात असे किती कामकरी असतील, ते अजून कोणी नीट मोजलेलं नाही. कठाणी नदीतला मासा प्रयोगशाळेत न्या, अशी माझी शास्त्रज्ञांना विनंती आहे. बाजारातली पुडी आमच्याकडे आपोआप येते, तिच्यासाठी परिषद भरवायची गरज नव्हती.

तरी तलावाचा विसर नको. भंडारा-गोंदियाकडे कार्यकर्ते मनीष राजनकर आणि मासेमार ढिवर समाजातल्या भगिनींनी तलावांतलं बेशरम हे तण उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा स्थानिक मासे परतले. ज्या तळ्यात नैसर्गिक खाद्यच नाही तिथं जिवाणू काय पचवणार? आणि खाद्यात मेथिओनिनसारखं आवश्यक अमिनो आम्ल कमी असेल तर उत्तम पचनानंही ते निर्माण होत नाही. लाखोळीचं नेमकं तेच दुखणं आहे. तीळ किंवा जवसाची ढेप जोडून बघावी लागेल.

म्हणून स्वागत समितीची एक मागणी आहे. शक्य त्या प्रत्येक गावात सारख्या मापाच्या दोन बोड्या निवडाव्यात. बीज एकच, खाद्य एकच, एकीत प्रोबायोटिक, दुसरीत नाही. दर महिन्याला जाळं टाकून वजन घ्यायचं, अमोनिया तपासायचा, खर्च लिहायचा. एका जोडीवरून काही ठरत नाही, म्हणून जोड्या पुष्कळ हव्यात. हिशेब गावानं ठेवायचा, तपासणी नागपुरातल्या तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांनी करून द्यायची. कंपनीच्या माणसानं माप घ्यायचं नाही, एवढी एकच अट. फरक पडला नाही तर तेही छापायचं.

उद्या सकाळी बोड्यांवर जायचं आहे. चिखल आहे, बूट घालून येऊ नका. दुपारच्या जेवणात मासा आहे, न खाणाऱ्यांसाठी वेगळी पंगत आहे. जेवणाआधी एक वही फिरेल. ज्यांच्याकडे शेजारी-शेजारी दोन बोड्या आहेत, त्यांनी तिच्यात गाव आणि बोडीचं माप लिहून द्यावं.