पोहणाऱ्याचे केस

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे शहरोशहरींच्या जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते. मुलीही उत्साहाने येतात. परंतु महिना-दीड महिना लोटला की त्यांतील लांब केसांच्या मुली एकेक करून गळू लागतात. कारण विचारावे, तर आई मुलीची वेणीच पुढे धरते. कशी काथ्यासारखी झाली आहे, पाहा! ही तक्रार खोटी नसते. परंतु जी विद्या एखादे दिवशी जीव वाचवावयाची, ती केसांपायी अर्धवट टाकावी लागावी, ही गोष्ट खेदाची खरी. आणि उपाय इतका सोपा असताना तर अधिकच.

केसाचा जो भाग त्वचेबाहेर दिसतो तो सजीव नसतो. म्हणूनच एकदा झालेली इजा त्याला आपली आपण भरून काढता येत नाही. केराटिन नामक प्रथिनाचा हा तंतू; त्याच्या बाहेरून अत्यंत पातळ खवल्यांचे आवरण असते. घरावरची कौले जशी एकावर एक बसवितात, तशी ही खवली मुळाकडून टोकाकडे रचलेली असतात आणि त्यांवर स्निग्ध द्रव्याचा सूक्ष्म लेप असतो. केसाची तकाकी आणि मऊपणा सारा या आवरणावर अवलंबून. केस पाण्यात बुडाला की आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून फुगतो, आणि कौले किंचित उचलली जातात. तेवढ्या वाटेने पाण्यातील बरेवाईट आत शिरते.

तलावाच्या पाण्यात क्लोरीन घालावाच लागतो. शेकडो माणसे ज्या पाण्यात उतरतात ते त्यावाचून रोगांचे घर होईल. मात्र जंतूंचा नाश करणारा हा क्लोरीन केसावरील स्निग्ध लेपही काढून टाकतो आणि आतील कृष्णरंजकाचा रंग उडवितो. जपानमधील निष्णात जलतरणपटूंच्या केसांच्या पाहणीची हकीकत २००० साली प्रसिद्ध झाली. नित्य पोहणाऱ्यांचे काळेभोर केस पिंगट-सोनेरी झालेले आढळले, आणि त्यांवरची खवली झिजून गेलेली होती. पाण्याच्या सततच्या घर्षणाने आवरण जाते व मग क्लोरीनला आत मोकळे रान मिळते, असा तिचा निष्कर्ष होता.

पिकलेल्या केसांवर कधी हिरवट झाक येते, तिचा आरोपही क्लोरीनवर होतो. ती झाक तांब्याची असते. शेवाळ मारण्यासाठी घातलेला मोरचूद किंवा तांब्याचे नळ यांतून तांबे पाण्यात उतरते व केसांत बसते. काळ्या केसांत ते दिसत नाही, इतकेच. बसत नाही असे नव्हे.

आता उपाय. पाण्यात उतरण्यापूर्वी केस नळाच्या स्वच्छ पाण्याने पुरते भिजवावेत. तहान भागलेला मनुष्य दुसऱ्याने दिलेले पाणी घोटभरच घेतो. केसांचेही तसेच आहे. दुसरा उपाय आजीच्या फडताळातला. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत मुरते. सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल तसे मुरत नाही. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केसांतील प्रथिनाची झीज या तिन्ही तेलांपैकी खोबरेलानेच कमी केलेली दिसली. तेव्हा आदल्या रात्री केसांना थोडे खोबरेल चोळून ठेवावे. थोडे म्हणजे खरोखरच थोडे! तेलाचा तवंग पाण्यावर आला तर तलावाचे व्यवस्थापक रागावतात, आणि त्यांचे रागावणे रास्त असते.

मग सैल वेणी घालून ती टोपीत घ्यावी. टोपीने पाणी सर्वस्वी अडत नाही. घर्षण मात्र पुष्कळ टळते. साध्या रबराची टोपी केस ओढते, सिलिकोनची कमी ओढते. तिला दोन पैसे जास्त पडतात, पण लांब केसांसाठी ते द्यावेत.

बाहेर आल्यावर केस वाळू देण्याआधी धुवावेत. कित्येक मुली ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून तशाच घरी जातात आणि सगळा क्लोरीन बरोबर नेतात. सौम्य शांपूने धुऊन, पंचाने न रगडता टिपून घ्यावेत, व जरा सुकल्यावर विरळ दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर उकलीत जावे. ओला केस सहज ताणला जातो आणि अधिक ओढल्यास तुटतो. पुष्कळदा तलावाच्या माथी मारलेला दोष घरच्या कंगव्याचा असतो.

गोव्याच्या समुद्रात क्लोरीनची ही भीती नाही. तेथे केस वाळताना मिठाचे कण त्यांवर राहतात, केस राठ होऊन गुंततात, आणि वरून ऊन आपले काम करीतच असते. किनाऱ्यावरून परतताच विहिरीच्या गोड्या पाण्याचे चार-सहा तांबे डोक्यावर ओतले, आणि पोहून झाल्यावर उन्हात केस मोकळे सोडून बसण्याचा मोह आवरला, म्हणजे तेथले काम भागते.