उष्णता, मीठ आणि महासागराचें गणित

चुलीवरून उतरविलेली आमटी उघडी ठेवली, कीं थोड्याच वेळांत ती निवूं लागते. ती जितकी अधिक कढत, तितकी आरंभीं झपाट्यानें निवते. आणि खोलींतील हवेइतकी झाली म्हणजे तिचें निवणें आपोआप थांबतें. पण त्याच आमटींत मीठ जास्त पडलें असेल, तर? रात्रभर उघडी ठेवली तरी तिचा खारटपणा तिळभरहि कमी व्हावयाचा नाहीं. वाफेबरोबर पाणी जातें, मीठ मागें राहतें. उलट आमटी थोडी अधिकच खारट होते. श्रोत्यांपैकीं प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा हा साधा भेद महासागराचें गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र पुष्कळ वर्षें सतावीत आला आहे.

महासागराचें पाणी स्वस्थ नसतें. अटलांटिक महासागरांत उष्ण कटिबंधांतील ऊन व खारें पाणी उत्तरेकडे वाहत जातें, तेथें थंडीनें जड होऊन खोल बुडतें, आणि खोलवरून दक्षिणेकडे परततें. या अभिसरणाबरोबर उत्तरेस जाणाऱ्या प्रचंड उष्णतेमुळें वायव्य युरोपचें हवामान सौम्य राहण्यास मदत होते. हें अभिसरण उद्यां मंदावेल काय, किंबहुना थांबेल काय, हा प्रश्न कोट्यवधि लोकांच्या शेतीशीं व निवाऱ्याशीं निगडित आहे. प्रत्यक्ष महासागरावर प्रयोग करून तो सोडवितां येत नाहीं. म्हणून समुद्राचें गणिती प्रतिमान रचून गतीचीं समीकरणें संगणकाकडून सोडवून घ्यावीं लागतात. अमेरिकेंत कर्क ब्रायन व मायकेल कॉक्स यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेलें काम हें अशा प्रतिमानांच्या आद्य उदाहरणांपैकीं एक होय.

परंतु समुद्राच्या माथ्यावर वातावरण असतें. तें गणितांत घेतलें नसेल, तर पृष्ठभागावर काय घडतें हें गणित करणाऱ्यानेंच सांगावें लागतें. यालाच सीमाशर्त म्हणतात, आणि तिचा एक सोयीचा प्रकार म्हणजे शिथिलनाची शर्त. निरीक्षणांवरून प्रत्येक ठिकाणचें एक लक्ष्य ठरवावयाचें, आणि प्रतिमानांतील पाणी त्यापासून जितकें दूर जाईल, तितक्या जोरानें त्याला परत ओढावयाचें. या ओढीचा जोर कालमर्यादेवर अवलंबून असतो. ती तीस दिवसांची धरली, तर आरंभींच्या फरकापैकीं तीस दिवसांनीं सुमारें ३७ टक्केच उरतो. मर्यादा लहान असेल तर लगाम आंखूड, मोठी असेल तर सैल.

उष्णतेच्या बाबतींत निसर्गहि बराचसा याच रीतीनें वागतो. समुद्र व हवा यांमधील उष्णतेची देवघेव उष्णतामानांतील फरकाच्या प्रमाणांत कशी मांडावी, हें हेनी यांनीं १९७१ मध्यें दाखविलें. एक अंश फरकास दर चौरस मीटरमागें ४० वॅट धरले, तर ५० मीटर जाडीच्या थराची कालमर्यादा सुमारें दोन महिने येते. मिठाचें तसें नाहीं. समुद्र खारट झाला म्हणून त्यावर पाऊस अधिक पडत नाहीं. तरीहि क्षारतेला तोच लगाम लावण्याची वहिवाट पडली. कारण महासागरावरील पावसाचीं व बाष्पीभवनाचीं मापनें तुटपुंजीं होतीं, आणि लगामावांचून लहानसहान चुका सांचून शेंकडों वर्षांच्या गणितांत समुद्र भलतीकडेच वाहवत जाई.

या भेदाचें महत्त्व हेन्री स्टॉमेल यांनीं १९६१ मध्येंच ओळखलें होतें. परस्परांस जोडलेलीं दोन पात्रें कल्पून त्यांनीं उष्णतामान लवकर व क्षारता सावकाश लक्ष्याकडे जाते असें धरलें, आणि एकाच परिस्थितींत प्रवाहाच्या दोन भिन्न स्थिर अवस्था संभवतात असें सिद्ध केलें. पुढें १९८६ मध्यें फ्रँक ब्रायन यांनीं दोन्ही गोलार्ध सारखे असलेला एक कल्पित महासागर घेतला. प्रथम उष्णता व क्षारता या दोहोंना लगाम लावून प्रतिमान स्थिर होऊं दिलें. मग क्षारतेचा लगाम काढून, त्यानें जेवढी देवघेव केली होती तेवढीच ठराविक मापानें चालू ठेवली. आतां ध्रुवाकडील क्षारतेंत बदल करतांच समतोल मोडला, आणि एका गोलार्धांतील अभिसरण कोसळलें. लगामांत शांत दिसणारा समुद्र मुळांत इतका नाजूक होता!

पण याला दुसरीहि बाजू आहे. १९९३ मध्यें झांग, ग्रेटबॅच व लिन यांनीं दाखविलें, कीं हवेचें उष्णतामान ठाम न धरतां तें समुद्राबरोबर बदलूं दिलें, तर हें कोसळणें तितकें सहज घडत नाहीं. प्रवाह मंदावला कीं उत्तरेचें पाणी अधिक थंड होतें, जड होतें, आणि पुन्हां बुडूं लागतें. उष्णतेचा आंखूड लगाम नेमकें हेंच होऊं देत नव्हता. एक लगाम धोका झांकीत होता, तर दुसरा तो फुगवीत होता.

भारताच्या शेजारींहि असाच प्रसंग येतो. बंगालच्या उपसागरांत गंगा व ब्रह्मपुत्रा यांचें गोडें पाणी पृष्ठभागावर पातळ थरासारखें पसरतें. तेथील क्षारता अनेक वर्षांच्या सरासरीकडे आंखूड लगामानें ओढली, तर महापुराचें वर्ष आणि अवर्षणाचें वर्ष प्रतिमानांत जवळजवळ सारखींच दिसतील. नकाशा सुबक येईल. पण त्या वर्षीं समुद्रांत काय घडलें, हें त्यावरून कळणार नाहीं.

केवळ समुद्राच्या प्रतिमानांत क्षारतेचा लगाम अजूनहि सर्वस्वी सोडतां आलेला नाहीं. म्हणून जाणते संशोधक तो शक्य तितका सैल ठेवतात. ५० मीटरच्या थरास चार वर्षें इतकाहि सैल. शिवाय लगामानें किती मीठ दिलें आणि किती घेतलें, याचा हिशेब ते निष्कर्षाबरोबर मांडतात. आमटीच्या चवीविषयीं बोलणाऱ्यानें तींत आपण वरून मीठ किती घातलें, हें आधीं सांगावें, एवढीच ही अपेक्षा आहे.