जुन्या मोटारीला फटफटीचा कार्ब्युरेटर

हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेतील कतारगामात माझी जुनी प्रीमियर पद्मिनी एके सकाळी रुसली. कार्ब्युरेटर झिजला होता. शेजारचा तरुण म्हणाला, "काका, बुलेटचा बसवा की!" मी बसवला.

कल्पना अगदीच वेडगळ नव्हे. हवेत पेट्रोल मिसळणे हेच दोघांचे काम. परंतु पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ सी.सी.चे, जुन्या बुलेटचे एकाच सिलिंडरचे, ३४६ सी.सी.चे. एवढ्याशा नळीतून चौघांना श्वास पुरावा कसा? सपाटीवर गाडी चालली, पुलाच्या चढावर दमली.

खरा धोका निराळाच होता. फटफटीची टाकी उंचावर असते, तेथून पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते. मोटारीत ते पंप ढकलतो. तो दाब फ्लोटच्या सुईला पेलला नाही आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडले. ठिणगी पडली नाही, हे माझे नशीब! ज्यांना हा प्रयोग करावयाचाच असेल, त्यांनी दाब कमी करणारी झडप आधी बसवावी, जेट मोठे घ्यावे आणि प्लग काढून पाहावा : काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, पांढुरका दिसला तर कमी.

मी मात्र जुन्याच कार्ब्युरेटरच्या झिजलेल्या आसाला लेथवर नवे बुश करून घेतले.